दुबळ्या काडतुसाची कथा : प्रस्तावना

पिस्तुलातून छर्रे उडवायचे, हे ऐकून कुठलाही जाणता बंदूकवाला नाक मुरडतो, आणि त्याचे चुकतही नाही. छर्रे हे लांब, गुळगुळीत नळीच्या बंदुकीचे काम. पिस्तुलाची किंवा रिव्हॉल्व्हरची नळी आखूड असते, तिच्या आत गोळीला फिरकी देणारे आटे असतात, आणि काडतुसात जागा इतकी थोडी, की मावणाऱ्या छर्ऱ्यांनी चहाचा चमचाही भरायचा नाही. तरीही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून अमेरिकेत अशी काडतुसे बनत आली आहेत. त्यातली काही कारखान्यांत बनली. पण बरीचशी घरच्या तळघरात किंवा गॅरेजात, एका माणसाने एका लहानशा दट्ट्याच्या यंत्रावर एकेक करून भरली. काडतूस घरी भरण्याच्या या मोठ्या परंपरेला आपण सोयीसाठी हातभरणी म्हणू. तिच्या सगळ्या शाखांत छर्ऱ्यांची ही शाखा सर्वांत दुबळी, सर्वांत थट्टेचा विषय झालेली. हे पुस्तक मुद्दाम तिच्यापासून सुरुवात करते. हातभरणीचे मर्म ताकदीत किंवा स्वस्ताईत शोधणारे पुष्कळ आहेत. माझ्या मते ते मर्म मर्यादांशी मांडलेल्या हिशेबात आहे. धातूची मर्यादा, भौतिकशास्त्राची मर्यादा आणि कायद्याची मर्यादा, या तिन्ही एका ठिकाणी उघड्या दिसतात त्या या दुबळ्या काडतुसातच.

मुळात प्रत्येक बंदूकवाला हा भरणाराच होता. ठासणीच्या बंदुकीत दारू मोजून ओतायची, वर बोळा, मग गोळी किंवा छर्रे, पुन्हा बोळा, आणि गजाने ठासायचे. हे सगळे ज्याने चाप ओढायचा त्यानेच करायचे. कोकणात पीक संरक्षणाच्या परवान्यावर ठेवलेल्या ठासणीच्या बंदुका अजून आहेत, त्यामुळे हा क्रम तिकडच्या वाचकाला सांगायची गरज नाही. काडतूस आले तेव्हा हे काम दोन माणसांत वाटले गेले. एकाने भरायचे, दुसऱ्याने उडवायचे. आणि दोघांमध्ये विश्वासाचा प्रश्न उभा राहिला. त्या प्रश्नाचा सर्वांत प्रसिद्ध भडका आपल्याच इतिहासात आहे. एनफिल्ड रायफलीचे कागदी काडतूस शिपायाने दाताने तोडायचे होते. त्याला लावलेली चरबी कसली, हे मात्र त्याला ठाऊक नव्हते, कारण ते भरले होते दुसऱ्यानेच. १८५७च्या जानेवारीत दमदमच्या शस्त्रागारातून ही कुजबूज सुरू झाली आणि पुढे काय झाले ते सर्वांना माहीत आहे. उठावाची कारणे काडतुसाहून फार मोठी होती, हे मान्यच. पण आपल्या हातातल्या काडतुसात काय आहे हे आपल्याला माहीत नाही, ही अस्वस्थता शिपायाच्या बाजूने खरी होती. अमेरिकेतला हातभरणी करणारा ‘माझे काडतूस मीच भरणार’ म्हणतो तेव्हा त्याच्या हट्टात राजकारण नसते. हीच अस्वस्थता मात्र असते.

धातूच्या काडतुसाने शिपायाचे दात वाचवले आणि भरण्याचे काम जवळजवळ पूर्णपणे कारखान्याकडे गेले. १८५७ सालीच स्मिथ अँड वेसन कंपनीचे पहिले रिव्हॉल्व्हर बाजारात आले. त्याच्या .२२ काडतुसात पेट घेणारा मसाला पुंगळीच्या, म्हणजे काडतुसाच्या धातूच्या कवचाच्या, तळाच्या काठात दडवलेला होता. घोडा काठावर आपटला की काठ चेपतो, आणि एकदा चेपलेली पुंगळी पुन्हा कामाची राहत नाही. आजही .२२ची काडतुसे अशीच बनतात आणि म्हणूनच ती घरी भरली जात नाहीत. पुंगळीचा तळ मध्यभागी पेटवायची युक्ती रुळली तेव्हा हातभरणीला खरी वाट मिळाली. या युक्तीच्या दोन जाती आहेत आणि त्या जरा जवळून पाहायला हव्यात, कारण पुढचा सगळा इतिहास या टिचभर जागेत ठरला. अमेरिकन कर्नल हायरम बर्डन आणि वुलिचच्या शाही प्रयोगशाळेतला इंग्रज अधिकारी एडवर्ड बॉक्सर या दोघांचे शोध १८६६च्या सुमाराचे. बर्डनच्या पद्धतीत ज्या टेकणावर टोपी, म्हणजे पेट घेणाऱ्या मसाल्याची छोटी वाटी, चिरडते ते टेकण पुंगळीच्याच तळाशी उठवलेले असते आणि आग आत जायला त्याच्या दोन बाजूंना दोन बारीक छिद्रे असतात. बॉक्सरच्या पद्धतीत टेकण टोपीच्या आतच असते, त्यामुळे पुंगळीला मधोमध एकच मोठे छिद्र पुरते. फरक एवढाच. पण बॉक्सरच्या पुंगळीत तोंडातून एक सळई घातली की ती सरळ मधल्या छिद्रातून जाऊन जळकी टोपी बाहेर ढकलते. बर्डनच्या पुंगळीत सळई टेकणावर आदळते आणि छिद्रे असतात बाजूला. टोपी बाहेरून उचकटून काढणे अशक्य नाही, पण किचकट आहे. गंमत अशी की अमेरिकन बर्डनची पद्धत युरोपने उचलली आणि इंग्रज बॉक्सरची अमेरिकेने. अमेरिकेत हातभरणी फोफावली याचे श्रेय तिकडच्या स्वावलंबी वृत्तीला देणारे पुष्कळ लेखक भेटतील. वृत्ती असेलही, पण मधोमध एक छिद्र नसते तर ती वृत्ती तळघरात हात चोळत बसली असती.

पितळी पुंगळी पुन्हा भरता येते, हे सर्वांत आधी ओळखले ते १८७०च्या दशकात अमेरिकेच्या मैदानी प्रदेशात रानरेड्यांच्या कळपांची कत्तल करणाऱ्या शिकाऱ्यांनी. तो प्रकार अभिमानाचा नव्हे, आणि हातभरणीच्या इतिहासात त्याला रोमांचक रंग देणाऱ्या लेखकांशी मी सहमत नाही. पण रेल्वे स्थानकापासून शेकडो मैलांवर शिसे, दारू आणि टोप्या नेणे सोपे होते आणि तयार काडतुसांच्या पेट्या नेणे महाग, हा त्यांचा हिशेब खरा होता. जॉन बार्लो यांनी १८८४ साली कनेटिकटमधल्या न्यू हेवन येथे आयडियल मॅन्युफॅक्चरिंग कंपनी काढली आणि चिमट्यासारखे एक अवजार विकायला आणले. टोपी काढणे, नवी बसवणे आणि गोळी दाबून बसवणे ही कामे त्याच एका अवजाराने होत, आणि काही प्रकारांत गोळी ओतायचा साचाही त्यालाच जोडलेला असे. अवजाराबरोबर ते एक छापील पुस्तिकाही देत. ही पुस्तिका मला अवजाराहून महत्त्वाची वाटते. कोणत्या काडतुसात काय चालते आणि काय चालत नाही, हे तिने गिऱ्हाइकाला कागदावर सांगितले. आयडियल कंपनी पुढे मार्लिनकडे आणि १९२५ साली लायमन कंपनीकडे गेली, आणि लायमनच्या पुस्तिका आजही निघतात.

धूरविरहित दारू आली आणि कागदावरचा हा हिशेब जिवावरचा झाला. फ्रान्समध्ये पॉल व्हिएय यांनी १८८४ साली अशी दारू सिद्ध केली आणि काही वर्षांत सगळ्या सैन्यांनी तिचा मार्ग धरला. जुनी काळी दारू धूर फार करी, नळी घाण करी, पण तिचा स्वभाव सोशिक होता. पुंगळी तिच्यासाठीच घडवलेली, त्यामुळे पुंगळी भरली की माप झाले. नव्या दारूची चिमूट तेवढेच काम करते, म्हणून त्याच जुन्या रुंद पुंगळीत निम्म्याहून अधिक जागा रिकामी राहते, आणि चुकून दुसऱ्यांदा दारू पडली तरी ती वरून दिसेलच असे नाही. रिव्हॉल्व्हरचे तुकडे होण्याच्या कितीतरी घटनांच्या मुळाशी ही रिकामी जागा आहे. टोपीतल्या मसाल्यात पूर्वी पारा असे, तो पितळेत मुरून पुंगळी ठिसूळ करी. तो गेला तेव्हा पितळ टिकू लागले. नळीला गंज चढवणारी क्षारयुक्त टोपी १९२०च्या दशकापासून मागे पडत गेली. अमेरिकेतल्या काडतूस उत्पादकांची दाबाची आणि मापांची मानके ठरवणारी संस्था १९२६ सालची, आणि युरोपात तेच काम करणारी संस्था बेल्जियममध्ये १९१४ साली निघालेली. फिलिप शार्प यांनी १९३७ साली हातभरणीचा पहिला मोठा सर्वसमावेशक ग्रंथ लिहिला, तोवर हा व्यवहार ऐकीव युक्त्यांचा राहिलेला नव्हता. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅन्सस राज्यातल्या ब्रूस हॉजडन यांनी सैन्याची उरलेली दारू स्वस्तात विकत घेऊन किरकोळ विकायला सुरुवात केली, कॅलिफोर्नियात फ्रेड हंटिंग्टन यांची यंत्रे, नेब्रास्कात जॉयस हॉर्नडी यांच्या गोळ्या आणि आयडाहोत स्पीअर बंधूंच्या गोळ्या आणि टोप्या आल्या, आणि १९६६ साली फक्त या विषयाला वाहिलेले ‘हँडलोडर’ हे मासिक निघाले. तोपर्यंत तो अमेरिकेतला एक रीतसर छंद होता.

या छंदात घराणी पडली, आणि ती गायकीच्या घराण्यांइतकीच एकमेकांकडे तिरप्या नजरेने पाहतात. ताकदीचे घराणे सर्वांत गाजलेले. आयडाहोतला गुराखी आणि लेखक एल्मर कीथ हा त्याचा आद्य पुरुष. रिव्हॉल्व्हरच्या काडतुसातून कारखाने काढत होते त्याहून कितीतरी अधिक काम निघू शकते, हे त्याने स्वतःच्या जोखमीवर दाखवले, आणि १९३५चे .३५७ मॅग्नम व १९५५-५६चे .४४ मॅग्नम यांच्यामागे या घराण्याचा रेटा होता. अचूकतेचे घराणे त्याच्या उलट. त्याला गोळी किती जोरात गेली याच्याशी कर्तव्य नाही, पाचही गोळ्या एकाच भोकातून गेल्या का एवढेच पाहायचे. मॅसॅच्युसेट्सचे डॉक्टर फ्रँकलिन मान यांनी गोळीच्या उड्डाणावर केलेले प्रयोग १९०९ साली पुस्तकरूपाने आले, ते पुस्तक हा या घराण्याचा मूळ ग्रंथ. तिसरे घराणे संख्येचे. उडत्या चकत्यांवर नेम धरणारे आणि १९७६ नंतर व्यावहारिक पिस्तूल स्पर्धांत उतरणारे नेमबाज आठवड्याला शेकड्यांनी काडतुसे उडवतात. त्यांच्यासाठी दांडा एकदा ओढला की एक तयार काडतूस पडते अशी यंत्रे निघाली. चौथे काटकसरीचे, गाडीच्या चाकांच्या तोलाची शिशाची वजने वितळवून गोळ्या ओतणारे. आणि पाचवे, ज्याला कुणी घराणेही म्हणत नाही, ते अडलेल्यांचे. ज्याची पुंगळी कुठलाही कारखाना बनवत नाही अशी जुनी रायफल वापरणारा, सरावासाठी मेणाची गोळी भरणारा, आणि पिस्तुलासाठी छर्रे भरणारा, हे सगळे तिथले. हे पुस्तक या पाचव्या घराण्याच्या बाजूचे आहे.

अडलेल्यांची ही गरज कायम किरकोळ राहिली, आणि तिच्याकडे मोठ्या यंत्रणेने मधूनमधूनच पाहिले. अमेरिकी सैन्याने १८८०च्या दशकात .४५-७० रायफलीसाठी एक विचित्र काडतूस काढले. त्यात गोळीच्या जागी छर्ऱ्यांनी भरलेली पातळ लाकडी नळकांडी असे, आणि उद्देश असा की दूरच्या ठाण्यावरच्या शिपायाने ससे-पाखरे मारून शिध्यात भर घालावी. बफेलो बिलच्या वाइल्ड वेस्ट तमाशात नेमबाज घोड्यावरून दौडत हवेतले काचेचे गोळे फोडत, तेव्हा प्रेक्षकांना ती गोळी वाटे. प्रत्यक्षात ते आटे नसलेल्या नळीतून उडालेले .४४-४० काडतुसातले बारीक छर्रे असत. यात फसवणूक होती खरी, पण पलीकडच्या बाकावरच्या माणसाचा जीवही वाचत होता. मिशिगनमधल्या मार्बल कंपनीने १९०८च्या सुमारास ‘गेम गेटर’ नावाचे दोन नळ्यांचे छोटे हत्यार काढले, वरची नळी .२२ची आणि खालची छर्ऱ्यांची. दुसऱ्या महायुद्धात विमान पाडले गेल्यावर रानात अडकलेल्या वैमानिकाने पोट भरावे म्हणून .४५ पिस्तुलासाठी छर्ऱ्यांची काडतुसे दिली गेली. पक्षिशास्त्रज्ञांची गरज वेगळी होती. संग्रहालयासाठी नमुना हवा तर पाखराची कातडी फाटता कामा नये, म्हणून ते धुळीसारखे बारीक छर्रे वापरत. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या कपाटांतली जुन्या काळातली हजारो कातडी अशाच बारीक छर्ऱ्यांच्या बंदुकांनी मिळवलेली आहेत, ही आपल्याकडची जवळची साक्ष. १९७०च्या दशकात प्लास्टिकची छोटी कुपी आली, छर्रे तिच्यात बंद करून कुपीच गोळीसारखी पुंगळीच्या तोंडावर बसवता येऊ लागली, आणि रिकाम्या कुप्या स्वतंत्रपणे विकल्या गेल्यामुळे घरी भरणाऱ्यांना एकदम सोय झाली.

आता भौतिकशास्त्राची मर्यादा, आणि इथे जरा थांबायला हवे. पिस्तुलाच्या नळीतले आटे गोळीला फिरवतात म्हणून ती सरळ जाते. छर्ऱ्यांचेही तेच होते, फक्त ते एकमेकांना बांधलेले नसतात. नळीच्या तोंडाशी आले की फिरणाऱ्या थव्यातला प्रत्येक छर्रा आपापल्या दिशेने बाजूला सुटतो. किती सुटतो, याचा हिशेब शाळेतल्या भूमितीचा आहे. स्मिथ अँड वेसनच्या .३८ रिव्हॉल्व्हरच्या नळीत आटे पावणेएकोणीस इंचांत एक पूर्ण फेरा घेतात. नळीचा व्यास .३५७ इंच, म्हणजे परीघ सुमारे १.१२ इंच. तेव्हा काठावरचा छर्रा पावणेएकोणीस इंच पुढे जाईतो १.१२ इंच बाजूला सरकतो. साधारण सतरा इंच पुढे गेला की एक इंच बाहेर. तीन मीटरवर काठाचे छर्रे केंद्रापासून सुमारे १८ सेंटीमीटर दूर गेलेले असतात, सहा मीटरवर ३६. कागदावर नेम धरून उडवले तर मध्यभाग विरळ आणि भोवती कडे, अशी आकृती उठते. यातली खरी खोच अशी की या हिशेबात वेग कुठेच येत नाही. दारू वाढवली तर छर्रे पुढेही जोरात जातात आणि बाजूलाही तितक्याच प्रमाणात जोरात. ताकदीच्या घराण्याचा एकमेव मंत्र इथे निरुपयोगी ठरतो. प्लास्टिकची कुपीही आट्यांबरोबर फिरतेच. १९६७ साली आलेल्या थॉम्पसन/सेंटर कंटेंडर या एकनळी पिस्तुलाच्या .४१० काडतुसाच्या नळीत तोंडाशी सरळ खाचांचा एक तुकडा बसवला होता, फिरकी थांबवण्यासाठी. हा उपाय खरा, पण तो बंदूक बनवणाऱ्याच्या हातातला, काडतूस भरणाऱ्याच्या नव्हे. भरणाऱ्याला एवढेच कळून घ्यायचे असते, की आपले काडतूस तीन मीटरचे आहे, तीसचे नाही.

मग आटेच नकोत, गुळगुळीत नळीचे पिस्तूल का नाही? इथे तिसरी मर्यादा. अमेरिकेच्या १९३४च्या राष्ट्रीय शस्त्र कायद्याने छर्रे उडवणाऱ्या गुळगुळीत नळीच्या पिस्तुलाला नोंदणी आणि कर यांच्या कक्षेत आणले, कारण दारूबंदीच्या काळातल्या टोळ्यांना लपवता येणारी हत्यारे फार आवडत. त्या काळची अशी पिस्तुले काही वर्षांत बाजारातून जवळजवळ नाहीशी झाली आणि ‘गेम गेटर’सुद्धा या चरकात सापडले. नळीत आटे असले तर मात्र ते साधे पिस्तूल, तिथे हा कायदा लागत नाही. म्हणून २००६ साली टॉरस कंपनीचे ‘जज’ हे .४१० छर्ऱ्यांचे काडतूसही उडवणारे रिव्हॉल्व्हर आले तेव्हा त्याच्या नळीत आटे होते. छर्ऱ्यांसाठी वाईट असलेली नळी केवळ कायद्यामुळे छर्ऱ्यांच्या हत्यारात राहिली. भौतिकशास्त्र एका बाजूने ओढते, कायदा दुसऱ्या बाजूने, आणि घरी भरणारा मधल्या फटीत आपले काम करतो. हातभरणीच्या इतर कुठल्याही शाखेत ही ओढाताण इतकी स्वच्छ दिसत नाही, आणि याच कारणासाठी ती नवख्याने आधी वाचावी असे मला वाटते.

आक्षेप पुष्कळ आहेत आणि त्यातले काही रास्त आहेत. पहिला उपयुक्ततेचा. अमेरिकेच्या नैऋत्येत या काडतुसांचा मुख्य उपयोग सांगितला जातो तो रॅटलस्नेक मारण्यासाठी. पण साप आपल्या लांबीच्या साधारण अर्ध्या अंतरापर्यंतच झडप घालतो. छर्ऱ्यांचा थवा जेवढ्या अंतरावर उपयोगी, तेवढ्या अंतरावरचा माणूस सापाच्या टप्प्याबाहेर असतो; दोन पावले मागे गेले की प्रश्न संपतो. अंगणात मुलांपाशी अडकलेला साप हा अपवाद, आणि त्या अपवादासाठी एवढा खटाटोप चालतो हे मान्य करायला हवे. महाराष्ट्रात गावोगावचे सर्पमित्र हे काम काठीने आणि पिशवीने करतात, आणि १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आपल्याकडच्या नागाला, घोणसला संरक्षणही आहे. म्हणजे या काडतुसाची गरज मोठी आहे असा माझा दावा नाहीच. गरज छोटी असूनही माणसांनी तिचा हिशेब किती नेटाने मांडला, हे पाहण्यासारखे आहे एवढेच.

दुसरा आक्षेप पैशाचा. घरी भरले की काडतूस स्वस्त पडते असे सांगितले जाते, पण भरणाऱ्यांचाच एक जुना विनोद आहे की खर्च तेवढाच राहतो, फक्त उडवलेली काडतुसे वाढतात. यंत्र, तराजू, डाय, मोजमापाची साधने यांचा खर्च धरला तर विनोदात तथ्य आहे. तेव्हा स्वस्ताईचा युक्तिवाद सोडून द्यावा. तिसरा आक्षेप गंभीर आहे: शस्त्रांनी पोळलेल्या जगात घरी काडतूस भरण्याबद्दल पुस्तक काढणे हे बेजबाबदार नाही का? याला माझे उत्तर या परंपरेच्या कागदपत्रांतूनच येते. हातभरणीच्या पुस्तिका वाचल्या तर त्यात ‘करा’ पेक्षा ‘करू नका’ जास्त आढळते: ठरलेल्या कमाल मापाच्या बरेच खालून सुरुवात करा, एका दारूचे माप दुसरीला लावू नका, टेबलावर एका वेळी एकच डबा उघडा ठेवा, गोळी नळीत अडकल्याची शंका आली की थांबा. या नियमांना कायदा पाठिंबा देतो तो देशोदेशी वेगळ्या प्रकारे. अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी भरायला केंद्रीय परवाना लागत नाही, विकायला लागतो. जर्मनीत स्फोटक कायद्याखाली परवाना आणि त्याआधी अभ्यासक्रम लागतो. ब्रिटनने १९९६च्या डनब्लेनच्या शाळेतील हत्याकांडानंतर पिस्तुलेच जवळजवळ बंद केली, तेव्हा तिथे पिस्तुलाच्या काडतुसांपुरता हा प्रश्न जवळजवळ उरलाच नाही. मला यातली जर्मन पद्धत शहाणपणाची वाटते. ज्ञान आणि परवानगी दोन्ही एकाच दारातून मिळतात.

आजच हा विषय का, याची कारणे बंदुकीबाहेरही आहेत. शिसे हे त्यातले पहिले. छर्रे खाऊन पाणपक्षी मरतात म्हणून अमेरिकेने १९९१ पासून पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाचे छर्रे बंद केले, आणि कॅलिफोर्नियाने काँडोर गिधाडे वाचवण्यासाठी १ जुलै २०१९ पासून सगळ्याच शिकारीतून शिसे हटवले. पोलाद किंवा बिस्मथ यांचे छर्रे घनतेने हलके, त्यामुळे जुनी मापे सगळी चुकीची ठरतात, आणि दुबळ्या काडतुसाचा दुबळेपणा आणखी वाढतो. दुसरे कारण पुरवठ्याचे. २०२० नंतर अमेरिकेत टोप्यांचा इतका तुटवडा पडला, की घरी भरणारा कारखान्यापासून स्वतंत्र असतो हा समज उघडा पडला. पितळ घरचे असते, पण टोपी आणि दारू कायम कारखान्याचीच. तिसरे कारण मराठी वाचकाच्या जवळचे. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण मिळवले, कोल्हापूर जिल्ह्यातल्याच स्वप्नील कुसाळेने २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलीत कांस्य. दोघांचेही काडतूस .२२, म्हणजे घरी न भरता येणारे. तरीही या पातळीवरचे नेमबाज आपल्या नळीला कोणत्या घाण्यातली काडतुसे मानवतात हे तपासत बसतात, एकाच कंपनीच्या वेगवेगळ्या घाण्यांतली उडवून पाहतात. काडतूस आणि नळी यांचे जमते का, हा हातभरणीचाच प्रश्न, फक्त उत्तर शोधण्याचा रस्ता दुसरा. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून पुण्याच्या अंगणात उभा असताना काडतुसाच्या आतल्या व्यवहाराबद्दल मराठीत वाचायला फारसे काही नाही, ही गोष्ट खटकायला हवी.

या पुस्तकात काय शोधू नये, ते आधी सांगतो. दारूची मापे, टोप्यांचे प्रकार, भरण्याची कृती यातले काहीही इथे नाही, आणि हा संकोच नाही, निवड आहे. भारतात परवान्याशिवाय काडतूस भरणे हा १९५९च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे, आणि अर्धवट माहितीवर भरलेले काडतूस कुठल्याही देशात धोक्याचेच. पुस्तक जे करू पाहते ते असे: धातूच्या काडतुसाच्या जन्मापासून आजच्या शिसेबंदीपर्यंतचा प्रवास या एका शाखेच्या बाजूने पाहायचा, तिच्या निमित्ताने आट्यांची भूमिती, दाबाची मानके आणि शस्त्रकायद्यांचे आडवेतिडवे परिणाम समजून घ्यायचे, आणि जिथे अमेरिकन लेखकांनी मर्दुमकीच्या गोष्टी सांगितल्या आहेत तिथे त्यांच्याच जुन्या पुस्तिका उघडून पाहायच्या. काही भाग सावकाश वाचावे लागतील, विशेषतः दाब आणि पितळ यांच्यावरचे. ते सोपे करण्याच्या नादात चुकीचे करायचे टाळले आहे.

वाचकांकडे एक मागणे आहे. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, कोल्हापूर, गोवा या भागांत कित्येक घरांत ठासणीच्या बंदुकीबरोबरचे दारूचे शिंग, गोळ्यांचा साचा, जुने परवाने पडून आहेत, आणि बार भरताना किती दारू कशाने मोजत हे सांगणारी माणसेही अजून आहेत. अमेरिकेतली परंपरा आपल्याला एवढी तपशीलवार कळते, कारण तिथे कुणीतरी वेळच्या वेळी लिहून ठेवले. ज्यांच्याकडे असे सामान असेल त्यांनी ते भंगारात देऊ नये, दारू किंवा टोप्या सापडल्या तर स्वतः हात न लावता पोलीस ठाण्याला कळवावे, आणि परवान्यांची, साच्यांची छायाचित्रे व घरातल्या वडीलधाऱ्यांच्या आठवणी जवळच्या संग्रहालयाला किंवा इतिहास मंडळाला द्याव्यात.